फळ्यावरच्या खेपा

मालकांच्या डेपोत ट्रक आला त्या दिवशी त्याला इतके हार घातले की समोरची काच दिसेना. ड्रायव्हरने तो तसाच दहा पावलं पुढे घेतला आणि चुन्याच्या ढिगात घातला. त्या ट्रकने आमच्या गावात केलेलं हे सगळ्यात कमी नुकसान होतं, असं माझं आजही मत आहे.

राज्य नवं होतं आणि जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती. शाळेच्या खोल्या, गोदामं, रस्त्यावरच्या मोऱ्या, आणि दर चार मैलांवर एक कोनशिला, जिच्यामागे पुष्कळदा इमारत यायची राहिलेली असे. मालक मूळचे मोठे शेतकरी. त्यांनी तालुक्याच्या गावी सडकेला लागून डेपो घातला होता. रेती, विटा, गिट्टी, चुना, छपराचे कवेलू, सागाच्या बल्ल्या, दगडाचे खांब आणि फरशा, आणि नशिबात असलं तर सिमेंट. मी तिथे चिठ्ठ्या लिहायचो. कोणता माल, किती, कुठे, कोणाच्या गाडीत, आणि खाली माझी सही. चिठ्ठीशिवाय माल हलायचा नाही, असा मालकांचा कडक नियम होता. त्याआधी दोन वर्षं मी हंगामी शिक्षक होतो. शाळेने मला सोडलं, पण ‘मास्तर’ हे नाव काही मला सोडून गेलं नाही.

डेपोच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात ‘आजच्या खेपा’ असं कायमचं लिहिलेलं आणि खाली आकड्यासाठी जागा. संध्याकाळी मी खडूने आकडा लिहायचो. समोरच्या पानाच्या टपरीवर उभी असलेली माणसं तो वाचायची आणि त्यावर मत द्यायची. बैलबंड्यांच्या दिवसांत हा आकडा खरा होता. बंडी अर्धी भरून कोणी हाकत नाही. बैलांना चालायचं तेवढंच, गाडीवानाला बसायचं तेवढंच, मग रिकामी जागा कशाला वाहायची? खेप म्हणजे भरलेली बंडी, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं. ट्रक आला तरी फळा तोच राहिला, शब्दही तोच राहिला. घोटाळा इथे झाला.

पहिल्या दिवशी ट्रकने रेतीच्या दोन खेपा केल्या, दोन्ही काठोकाठ. बंड्यांच्या हिशेबात त्या चौदा झाल्या असत्या. मी इमानदारीने फळ्यावर दोन लिहिले. टपरीवर हसू फुटलं.

“काऊन बे, मोटार घेतली अन् खेपा दोनच?”

“बंड्या होत्या तं पंधरा-पंधरा राहत. मोटारीले दमा झाला वाटते.”

मालक आतल्या गादीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ड्रायव्हरला माझ्यासमोरच सांगितलं, “भरत बसू नको लेका. रेती थोडी कमी राह्यली तं काही बिघडत नाही. चकरा वाढव.”

ड्रायव्हर जानेफळकडचा, सरळ माणूस. तो म्हणाला, “रिकामी गाडी लय उडते मालक.”

“उडू दे. लोकाईले दिसलं पाहिजे का गाडी चालू हाये.”

आठवडाभरात फळ्यावर नऊ आला, मग अकरा. ट्रकच्या तळाशी रेती अशी पडलेली असायची जशी एखाद्या मोठ्या परातीत मूठभर पोहे. काम होतं उंद्रीच्या शाळेच्या खोल्यांचं आणि आसपासच्या दोन गोदामांचं. त्यांना रेती लागत होती तेवढीच लागत होती. फक्त ती आणायला गरजेच्या तिप्पट डिझेल जळत होतं. आणि या सगळ्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. हे सांगितलं नाही तर पुढचं सगळं फुशारकी ठरेल. पंधरा दिवस मी अर्ध्यामुर्ध्या ट्रकच्या चिठ्ठ्या मुकाट्याने लिहिल्या, संध्याकाळी फळ्यावर आकडा चढवला, आणि मधल्या वेळात पुस्तक वाचलं. वाचनाने माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी मला त्या पंधरा दिवसांत पाहायला हवं होतं.

एका सकाळी एक बाई डेपोत आल्या. साठीच्या आतबाहेर, नऊवारी खोचलेली, डोक्यावर पाटी. आमची रेती ज्या नाल्यातून यायची, तिकडे जाणाऱ्या पांदणीला, म्हणजे शेतांमधल्या बंडीवाटेला, लागून त्यांचा भाजीचा मळा होता. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच तो करायच्या. बाजारात मी त्यांच्याकडून भाजी घ्यायचो आणि त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी पाटीतून मेथीची एक जुडी काढून माझ्या चिठ्ठ्यांच्या वहीवर ठेवली. मेथी पांढरट मातकट दिसत होती.

“घ्या मास्तर. तुमच्या मोटारीनं पीठ लावून देल्लं. तळाले सोपं जाईन.”

मी वहीवर पडलेली माती झटकली.

“सांबाराचंही असंच,” पाटीतली कोथिंबीर दाखवत त्या म्हणाल्या. “धुतलं तं सडते, न धुता नेलं तं गिऱ्हाईक तोंड वाकडं करते. पन मी धुळीसाठी नाही आली. माह्या पाटावरच्या फरशा फुटल्या. पलीकडच्या तुकड्यात पानी जाऊन नाही राह्यलं.”

त्यांची विहीर पांदणीच्या एका अंगाला आणि मोठा तुकडा दुसऱ्या अंगाला होता. मोटेचं पाणी पांदण ओलांडून पाटाने पलीकडे जायचं आणि पाटावर दोन दगडी फरशा टाकलेल्या होत्या, म्हणजे बंड्या वरून जाव्यात आणि पाणी खालून. हे त्यांच्या सासऱ्याच्या वेळेपासून चालत आलं होतं. ट्रकने त्या फरशांचे चार तुकडे केले होते.

“कांद्याचं रोप टाकलं तठी,” त्या म्हणाल्या. “आठ-दहा दिवस तग धरन. त्याच्यानंतर गेलं. तो तुकडा गेला तं मंग मले दुसऱ्याच्या वावरात निंदाले जा लागन. या वयात. तेवढं तुमच्या मालकाले सांगा.”

“तुम्हीच सांगा ना मावशी, ते आत आहेत.”

“चिठ्ठी कोन लिहिते? तुमीच लिहिता न? मंग मी बरोबर जागी आली.”

जुडी तिथेच ठेवून त्या गेल्या.

दुपारी मी पांदणीत गेलो. काळी जमीन, दोन्ही बाजूंना बाभळी. बंड्यांच्या चाकोऱ्या कुठल्याकुठे गेल्या होत्या आणि घोट्याएवढा फुफाटा झाला होता. बाभळीची पानं खालच्या निम्म्या भागात राखाडी आणि वरच्या निम्म्या भागात हिरवी होती. ट्रकची उंची झाडांवर आखून दिल्यासारखी. मी उभा असताना ट्रक आला. रिकाम्यासारखाच होता, त्यामुळे खड्ड्याखड्ड्यातून उसळत होता. मागे सोडलेला काळा धूर आणि धूळ यांत बराच वेळ मला माझे हात दिसले नाहीत. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्याकडे यायचा होता. पण नाका-तोंडात गेलेली वस्तू ओळखायला शब्दाची वाट पाहावी लागत नाही. फुटलेल्या पाटातून पाणी पांदणीत पसरत होतं आणि पलीकडे रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी मालकांपुढे बसलो. माझं म्हणणं मी कागदावर मांडून नेलं होतं, कारण मालकांसमोर तोंडी बोललेलं सगळं ‘पाहू’ या एका शब्दात संपायचं. म्हणणं साधं होतं. ट्रक भरल्याशिवाय हलवायचा नाही. नाल्यापासून पांदणीने न येता पलीकडच्या अंगाने पक्क्या सडकेवर जायचं. वळसा दीड कोसाचा, पण भरून नेलं तर दिवसाला तीन खेपांत काम भागत होतं. आणि उंद्रीकडे विटा व कवेलू ट्रकने पाठवायचेच नाहीत. बाजाराच्या दिवशी तिकडच्या बंड्या कापूस घेऊन आमच्या गावात येतात आणि परत जातात. त्यांच्यावर लादायचे.

त्या बंड्यांची एक गंमत होती. उंद्रीच्या वाटेवरच्या गाडीवानांना रिकामी बंडी गावात नेण्याची लाज वाटायची. वेशीत कोणीतरी विचारायचंच, “काय आनलं रे बाजारातून? हवा?” म्हणून काहीच मिळालं नाही तर ते रस्त्यातला मुरूमसुद्धा भरून न्यायचे आणि आपल्याच दारात टाकायचे. निम्म्या गावाची अंगणं त्या लाजेवर उंच झाली होती.

मालकांनी कागद वाचला. मन लावून वाचला, हे मान्य करायला हवं.

“बराबर हाये,” ते म्हणाले. “डिझेल वाचते, टायर वाचते. हाव, बराबर हाये.”

“मग उद्यापासून?”

त्यांनी कागदाची घडी घातली. “पन मास्तर, फळ्यावर काय लिहिसान? तीन?”

“तीन झाल्या तर तीन.”

“पुढच्या आठवड्यात पाहुणे येऊन राह्यले,” ते आवाज खाली आणून म्हणाले. पाहुणे म्हणजे जिल्ह्यातले एक पुढारी. मालकांना एका समितीवर जायचं होतं आणि पाहुणे डेपोवरून जाताना पाच मिनिटं थांबणार होते. “त्याहिले तीन दाखवू? पाहुणे जाऊ दे. मंग तुमचं पाहू.”

“तोपर्यंत ते रोप मरेल.”

“रोप त दुसरं टाकता येते न मास्तर.”

यानंतर मी जे केलं त्याला फार धैर्य लागलं नाही. रागाला धैर्याची गरज नसते. मी म्हणालो, “भरलेल्या ट्रकची चिठ्ठी मिळेल, सडकेने जाणाऱ्या ट्रकची चिठ्ठी मिळेल. दुसरी मिळणार नाही.”

“मंग मी लिहितो,” मालक म्हणाले. आणि त्यांनी लिहिल्या. पाच दिवस मालक स्वतः चिठ्ठ्या लिहीत होते आणि मी समोर बसून पुस्तक वाचत होतो. त्यांनी मला काढलं नाही, कारण पाहुण्यांच्या स्वागताचं पत्रक लिहायला त्यांच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. ते मी लिहून दिलं. ‘विकासाचा झंझावात’ हे शब्द त्यांच्या आग्रहावरून घातले, आणि ते धुळीच्या दृष्टीने चुकीचे नव्हते.

पाहुणे आले त्या संध्याकाळी ट्रकला पुन्हा हार घातले गेले, या वेळी काच सोडून. टपरीपुढे पन्नास-साठ माणसं जमली. फळ्याचं काम अजून माझ्याकडे होतं. मालकांचं अक्षर लोकांना दाखवण्यासारखं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, “एकवीस.” मी खडू घेतला आणि लिहिलं: ‘एकवीस.’ मग त्याच्याखाली उरलेल्या जागेत तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘माल तीन ट्रकांचा.’

पाहुण्यांनी पहिली ओळ वाचली आणि भाषणात तिचा उल्लेख केला. या डेपोने शेतकरी बांधवांची जी सेवा चालवली आहे, वगैरे. दुसरी ओळ त्यांनी वाचली असावी, पण पुढाऱ्याला आकडा एकच लागतो. गर्दीत पुढेच एक म्हातारे गाडीवान उभे होते. चाळीस वर्षं रेती वाहिलेले, आणि ट्रक आल्यापासून बिनकामाचे. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्याने वाचून दाखवलं आणि बाबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “म्हंजे अठरा खेपा हवा आनली काय बे यानं?”

हसण्याला माणसं एवढी तयार असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पाहुणेही हसले, त्यांना वाटलं लोक खूश आहेत. मालक हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. पाहुण्यांची गाडी हलल्यावर ते जवळ आले.

“उद्या येऊ नका.”

“येईन,” मी म्हणालो. “बाजार आहे. उंद्रीच्या विटा जायच्यात.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि माझ्या जागेवर बसलो. मालक शेतावर गेले होते. चिठ्ठ्यांची वही जागेवर होती. दुपारी कापूस उतरवून बंड्या डेपोत आल्या. बाबांनीच त्या बोलावून आणल्या होत्या. नऊ बंड्यांवर विटा आणि कवेलू लादले. दहाव्या बंडीसाठी मी चिठ्ठी लिहिली: फरशा दोन, दगडाचे खांब दोन, मुक्काम पांदण, डेपोकडून. सही ठळक केली. गुपचूप करायचं असतं तर संध्याकाळची वाट पाहिली असती. उन्हात, बाजाराच्या गर्दीतून, माल उघडा ठेवून ती बंडी गेली आणि मागे मी चालत गेलो.

मावशी विहिरीवर होत्या. फरशा पाहून त्यांनी ‘आल्या काय’ एवढंच म्हटलं आणि मोट सोडून पाट साफ करायला लागल्या. बाबांनी आणि आणखी दोघांनी फरशा बसवल्या. मग पांदणीच्या सडकेकडच्या तोंडाशी खड्डे खणले. बाबांनी आपली बंडी मध्ये उभी केली आणि दोन्ही बाजूंना एक-एक वीत सोडून खांब रोवले. बंडी जाईल, ट्रक जाणार नाही. नाल्याकडून शिरणाऱ्यालाही इथूनच बाहेर पडावं लागायचं, त्यामुळे एका तोंडाला पुरत होतं. काम संपल्यावर बाबा हात झटकत म्हणाले, “शेंदूर लावू काय मास्तर? दोन बोटं. मंग कोनी हात लावत नाही.”

“नको.”

“काऊन? फुकटचा राखनदार भेटते.”

“देवाला भिऊन सोडलेली पांदण नको बाबा. ही मावशीची पांदण आहे, तिच्या पाटासाठी सोडा म्हणावं.”

बाबांना हे फारसं पटलं नाही. ते म्हणाले, “तुमी पुस्तकं लय वाचता,” आणि तंबाखू मळायला लागले.

तासाभरात ट्रक आला. ड्रायव्हरने खांब पाहिले, खाली उतरला, माझ्याकडे पाहिलं, मग परत चढून गाडी वळवली. जाता जाता म्हणाला, “माही कंबर वाचली मास्तर. पन मालकाले मी काही सांगत नाही. तुमीच सांगा.”

सांगायची वेळ संध्याकाळी आली. मालक डेपोत उभे होते, हातात चिठ्ठीची स्थळप्रत. भोवती बाजारातून परतणारी माणसं.

“हे काय? माह्येच दगड, माह्याच मोटारीच्या वाटेत?”

“तुमचेच. चिठ्ठीत लिहिलंय, डेपोकडून. काल पाहुणे म्हणाले, डेपो शेतकऱ्यांची सेवा करतो. सेवा कुठेतरी दिसायला हवी.”

“काढा ते खांब. आत्ताच्या आत्ता.”

“मी रोवलेत, मी काढणार नाही. तुम्हाला काढायचे असतील तर चिठ्ठी लिहा. ‘पाटाच्या रक्षणाचे खांब काढले, मालकांच्या हुकमाने.’ खाली तुमची सही. मी ती फळ्यावर लावतो.”

टपरीवाल्याने पान लावायचं थांबवलं. मालक चिडके होते, पण वाईट नव्हते. त्यांना चार लोकांनी चांगलं म्हणावं एवढंच हवं असायचं, आणि त्या क्षणी चार लोक कुठल्या बाजूला आहेत हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ते वहीजवळ गेले. टाक उचलला. खूप वेळ उचलून धरला. मग ठेवून दिला आणि ड्रायव्हरवर ओरडले, “उद्यापासून सडकेनं जा! अन् भरून जा, डिझेल काही आभायातून पडत नाही!” जणू हे त्यांचंच म्हणणं होतं आणि ड्रायव्हर ते पंधरा दिवस ऐकत नव्हता.

मला त्याबद्दल काही वाटलं नाही. त्यांनी ते आपलं म्हणून मिरवलं तरी रेती सडकेनेच जाणार होती. पुढचा महिना ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. जे सांगायचं ते भिंतीला सांगायचे आणि मी ऐकायचो. पावसाळ्याआधी त्यांनी चिठ्ठ्यांसाठी दुसरा माणूस ठेवला आणि मला ‘आता तुमची गरज नाही’ असं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी व्यवस्थित होती, सहीसकट. मी दुसरीकडे नोकरी धरली. ती गोष्ट वेगळी आणि कंटाळवाणी आहे.

मी काही मोठं केलं असा माझा दावा नाही. त्यानंतर गावात आणखी ट्रक आले, डेपो वाढले, नाला पोखरला गेला. इतर पांदणी फुफाट्यात गेल्या. मी एकच वाचवली, आणि ती वाचवतानासुद्धा पंधरा दिवस उशीर केला. रोपांतलं एक वाफाभर जळालंच. बाकीचा कांदा झाला.

दोनेक वर्षांनी सुट्टीत गावी आलो होतो. सकाळी पांदणीकडे फिरायला गेलो तर तोंडाशी एक नवा, लाल रंगाचा ट्रक उभा होता, दुसऱ्या कुठल्या तरी डेपोचा. ड्रायव्हर अनोळखी होता. तो खाली उतरून दोन्ही खांबांमधलं अंतर हात पसरून मोजत होता आणि मोजमाप मनासारखं येत नसल्यामुळे पुन्हा मोजत होता. मावशी बांधाच्या आत निंदत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. कामात होत्या.

“ओ बाई,” ड्रायव्हर ओरडला, “हे दगड कोनाचे होत?”

मावशींनी खुरपं थांबवलं नाही.

“माह्ये,” त्या म्हणाल्या.